ठिपका, रेघ आणि सांधा : चित्राचे सॉफ्टवेअर निवडण्यामागचा इतिहास

जालन्यासारख्या जिल्ह्याच्या गावी संगणकावर चित्र काढायला शिकू पाहणारी मुले-मुली पहिला प्रश्न विचारतात तो नावाचा. कोरल शिकू की इलस्ट्रेटर? कार्टून करायचे तर फ्लॅश अजून चालते का? फुकट मिळणारे इंकस्केप कामाचे आहे का? उत्तर देणारा बहुधा एखाद्या डीटीपी सेंटरचा किंवा क्लासचा चालक असतो आणि तो स्वतः जे वापरतो त्याचे नाव सांगतो. त्यात गैर काही नाही. पण गेली काही वर्षे मी जालना परिसरातील छपाईचा इतिहास जुळवतो आहे. जुन्या लग्नपत्रिका, सभांची पत्रके, संस्थांच्या स्मरणिका, दुकानांच्या पाट्यांचे फोटो असा तो पसारा आहे. त्यावर काम करताना दिसते ते असे की, हा प्रश्न जितका रोजगाराचा आहे तितकाच जतनाचा आहे. कोणत्या साधनाने केलेले काम वीस-पंचवीस वर्षांनी उघडता येते आणि कोणते येत नाही, याचा पुरावा आपल्या आसपास साचलेला आहे. तो मांडावा आणि त्यावरून नवशिक्याने काय निवडावे ते सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

अकरा ते सहा ठिपके

'व्हेक्टर' हा शब्द ऐकून बिचकण्याचे कारण नाही. दिवाळीत अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढणारी प्रत्येक बाई हे तंत्र जाणते. रांगोळीच्या पुस्तकात आकृतीखाली 'ठिपके ११ ते ६' असे लिहिलेले असते. मधली ओळ अकरा ठिपक्यांची, मग दोन्ही बाजूंना एकेक ठिपका कमी करत सहापर्यंत यायचे आणि ठरलेले ठिपके रेघांनी व वळणांनी जोडायचे. ठिपके जवळ टाकले तर तीच रांगोळी उंबऱ्याशी मावते, लांब टाकले तर अंगण भरते. आकृती बिघडत नाही, कारण रांगोळी म्हणजे रंगाचे कण नव्हेत; ती कोणता ठिपका कोणाला कसा जोडायचा याची सूचना आहे.

संगणकावरचे व्हेक्टर चित्र हेच करते. मोबाइलने काढलेला फोटो हा रंगीत चौकटींचा गालिचा असतो; तो ताणला की चौकटी दिसू लागतात. व्हेक्टर चित्रात बिंदू साठवलेले असतात आणि दोन बिंदूंमधले वळण कसे घ्यायचे याचे गणित. म्हणून व्हिजिटिंग कार्डावरचे बोधचिन्ह चाळीस फुटी फलकावरही तितकेच रेखीव दिसते.

वळणाचे हे गणित चित्रकारांनी शोधलेले नाही. ते फ्रान्समधल्या मोटार कारखान्यांतून आले. सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये आणि रेनॉ कंपनीत पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात गाडीच्या पत्र्याचे बाक नेमके सांगण्याची रीत बसवली. सित्रोएनने आपल्या माणसाचे काम गुप्त ठेवले, बेझिए यांनी आपले प्रसिद्ध केले. म्हणून आज जगभरचे विद्यार्थी त्या वळणाला 'बेझिए कर्व्ह' म्हणतात. पुढे १९८४ मध्ये अडोबी कंपनीने छपाईयंत्राला पान समजावून सांगणारी पोस्टस्क्रिप्ट ही भाषा आणली, १९८७ मध्ये इलस्ट्रेटर आले आणि जानेवारी १९८९ मध्ये कॅनडातल्या ओटावा शहरातील कोरल कंपनीचे कोरलड्रॉ. इलस्ट्रेटर सुरुवातीला ॲपलच्या संगणकावर चाले, कोरलड्रॉ मात्र पहिल्यापासून विंडोजवर. आपल्याकडे जुळवून घेतलेले स्वस्त संगणक विंडोजचे होते. मराठी मुलखातल्या छोट्या छापखान्यांचे पुढच्या तीस वर्षांचे साधन तिथेच ठरले.

पेंटर, रेडियम आणि फ्लेक्स

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. बियाणे, पोलाद, मोसंबी अशी या जिल्ह्याची ओळख. बियाण्याच्या धंद्याला पाकिटे आणि लेबले लागतात, आडतीला पावतीपुस्तके, लग्नसराईला पत्रिका, निवडणुकीला फलक. हे सगळे काम पूर्वी तिघांत वाटलेले होते : पाटी रंगवणारा पेंटर, खिळे जुळवणारा कंपोझिटर आणि बटर पेपरवर काळ्या शाईने पॉझिटिव्ह करून देणारा स्क्रीन प्रिंटिंगवाला. पेंटरच्या हातात अक्षराचे वळण होते. भिंतीवर आधी सुतळीने रेघ मारून, खडूने अंदाज घेऊन तो 'किराणा व भुसार' लिहायचा, तेव्हा दर पेंटरचा 'क' वेगळा ओळखू येई. माझ्या फोटोंच्या संग्रहात पाट्यांखाली सही नसतानाही अक्षरावरून काम ओळखता येते.

कोरलड्रॉ आले आणि या तिघांची कामे एका टेबलावर आली. त्याचे यश केवळ ते सहज उपलब्ध होते म्हणून नाही. रेघेचे चित्र थेट यंत्राला देता येत होते, हे खरे कारण. रेडियम कापणारे यंत्र बिंदू आणि वळण समजून घेते. त्याला फोटो उपयोगाचा नाही. मोटारसायकलच्या नंबरपट्टीवरचा वाघ, ट्रकच्या काचेवरचे 'आई', दुकानाच्या काचेवरचे नाव ही सारी व्हेक्टर कलाच आहे. नंतर फ्लेक्स छापणारी मोठी यंत्रे आली आणि वाढदिवसाच्या फलकांनी चौक भरले. पेंटरांपैकी काहींनी माउस हातात घेतला, अनेकांनी धंदा सोडला.

कोरलच्या परवान्याची किंमत छोट्या दुकानाच्या आवाक्याबाहेर होती. विनापरवाना प्रतीवर हा सगळा धंदा कसा उभा राहिला, हे उघड गुपित आहे. नैतिकतेचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी एक परिणाम नोंदवलाच पाहिजे. 'फुकट' मिळाल्यामुळे निवड करण्याची वेळच कोणावर आली नाही. जे शेजारच्या दुकानात होते तेच आपल्या दुकानात आले आणि क्लासमध्येही तेच शिकवले गेले.

मुकी झालेली अक्षरे

या न केलेल्या निवडीची किंमत मला संग्रहात दिसते. काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेच्या १९९० च्या दशकातील स्मरणिकेची मूळ फाइल मला सीडीवर मिळाली. छापील प्रत फाटलेली होती, म्हणून आनंद झाला. फाइल उघडली तर पानभर रोमन अक्षरे, कंस आणि टक्केवारीची चिन्हे. ज्या फाँटमध्ये मजकूर जुळवला होता तो फाँट माझ्याकडे नव्हता आणि जुळवणारे दुकान केव्हाच बंद झाले होते.

असे का होते? युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला जागा मिळाली होती. पण चित्राच्या आणि पानरचनेच्या सॉफ्टवेअरना जोडाक्षरे जुळवण्याची विद्या यायला पुढे वीस वर्षे लागली. तोवर श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम, शिवाजी अशा फाँटसंचांनी वाट काढली. इंग्रजी अक्षरांच्या घरात त्यांनी मराठी आकार बसवले. संगणकाला ते 'डी' वाटायचे, आपल्याला डोळ्यांनी 'क' दिसायचा. प्रत्येक कंपनीची घरे वेगळी. ही सोय होती म्हणून मराठी छपाई त्या काळात थांबली नाही, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण ती सोय त्या फाँटपुरतीच होती.

दुकानदारांनी त्यावर उपाय काढला, तो आजही चालू आहे. फाइल छापायला पाठवण्याआधी 'कर्व्ह करून' पाठवायची. कंट्रोल आणि क्यू दाबले की अक्षरे अक्षरे राहत नाहीत, त्यांचे आकार होतात. मग फाँट असो-नसो, छपाई बिनचूक. छापखान्याच्या दृष्टीने काम फत्ते, पण अभ्यासकाच्या दृष्टीने ते लिखाण मुके झाले. त्यात नाव शोधता येत नाही, मजकूर उचलता येत नाही, शुद्धलेखन सुधारता येत नाही. जिल्ह्याच्या तीन दशकांच्या सामाजिक इतिहासातला मोठा भाग, म्हणजे पत्रिकांवरची आडनावे आणि गावे, जयंतीच्या फलकांवरची मंडळे, संस्थांचे अहवाल, असा वळणांच्या पोटात बंद आहे. कोरलड्रॉने देवनागरीची जुळणी नीट हाताळायला सुरुवात केली ती २०१२ च्या 'एक्स-सिक्स' आवृत्तीपासून. तोपर्यंत सवय पक्की झाली होती.

हालत्या चित्रांची दोन घराणी

स्थिर चित्राकडून हालत्या चित्राकडे वळताना नवशिक्याला दोन पद्धती भेटतात. दोन्हींची मुळे महाराष्ट्रात सापडतात, म्हणून त्या इथल्याच उदाहरणांनी सांगतो.

पहिली पद्धत चित्रामागून चित्राची. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला. कुंडीतल्या बीजाचे थोड्या थोड्या अंतराने एकेक चित्र टिपून त्यांनी रोपाची वाढ पडद्यावर दाखवली आणि त्या बळावर 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभे केले. १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. त्यात आगकाड्या एकेक चौकटीगणिक सरकवून नाचवल्या होत्या. १९३० च्या दशकाच्या मध्यास पुण्यात 'प्रभात'ने 'जंबूकाका' हे व्यंगपट केले. १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगपट विभाग सुरू झाला, तेव्हा डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या राम मोहन यांनी पुढे भारतीय ॲनिमेशनच्या दोन पिढ्या घडवल्या. या पद्धतीत सेकंदाला चोवीस चौकटी. एक चित्र दोन चौकटी धरले तरी दहा मिनिटांच्या पटाला ७,२०० चित्रे होतात. हात भरपूर लागतात, पण रेघेला जिवंतपणा येतो.

दुसरी पद्धत सांध्याची. सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या ठाकर समाजात कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या आहेत. बाहुली एकदाच घडवायची, मग सूत्र ओढून अवयव हलवायचे. याच कलावंतांकडे चित्रकथीच्या पोथ्या असतात. एका आख्यानाची चित्रे क्रमाने लावलेली, दोन चित्रे पाठीला पाठ चिकटवलेली. कथेकरी गात गात एकेक पान पुढे करतो. या चित्रांना दीर्घकाळ 'पैठणी चित्रे' म्हटले गेले, कारण संग्राहकांना ती पैठण परिसरात सापडली होती. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती पाहायला मिळतात. पैठणहून गोदावरी पुढे येते ती आमच्या अंबड, घनसावंगी, परतूर तालुक्यांची दक्षिण सीमा होऊन. तेव्हा ही कला आम्हाला परकी नाही. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या परंपरेकडे पुन्हा लक्ष गेले.

संगणकाने दुसऱ्या पद्धतीला मोठे बळ दिले. सुरुवातीची आणि शेवटची स्थिती आपण सांगायची, मधल्या चौकटी यंत्राने भरायच्या. १९९६ मध्ये 'फ्यूचरस्प्लॅश' म्हणून आलेले आणि मॅक्रोमीडियाने विकत घेतल्यावर 'फ्लॅश' झालेले सॉफ्टवेअर हे काम इतके सोपे करून गेले की, २००० नंतर गावोगावच्या ॲनिमेशन क्लासच्या पाटीवर फ्लॅश हा शब्द हमखास असे. मराठी बडबडगीतांची, बाराखडीची, शाळेच्या धड्यांची कितीतरी हालती चित्रे त्यात झाली. २००५ मध्ये अडोबीने मॅक्रोमीडिया घेतली. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला गेला आणि जानेवारी २०२१ पासून ती चित्रे ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. काही स्वयंसेवकांनी 'रफल' नावाची पर्यायी सोय करून त्यातली बरीच पुन्हा जिवंत केली आहेत. पण ज्यांनी मूळ फाइल जपली नाही आणि व्हिडिओही करून ठेवला नाही, त्यांचे काम संपले. पिंगुळीची कागदी पोथी पिढ्यान्‌पिढ्या टिकली आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर केलेली बाराखडी टिकली नाही, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

उघड्या फायली

याच काळात दुसरीकडे वेगळे काम चालू होते. इंटरनेटचे संकेत ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ४ सप्टेंबर २००१ रोजी एसव्हीजी हा व्हेक्टर चित्राचा खुला साचा प्रमाण म्हणून जाहीर केला. याचे वैशिष्ट्य असे की, ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली तरी वाचता येते. वर्तुळ कुठे, किती त्रिज्येचे, रंग कोणता, मजकूर काय, हे सारे अक्षरांत लिहिलेले असते. म्हणजे 'ठिपके ११ ते ६' ही सूचना लपवलेली नाही. रांगोळीच्या पुस्तकासारखी ती कोणालाही वाचता येते. उद्या एखादी कंपनी बुडाली तरी ती वाचणारे दुसरे सॉफ्टवेअर लिहिता येईल.

या साच्यावर उभे राहिलेले इंकस्केप २००३ मध्ये सोडिपोडी या आधीच्या प्रकल्पातून फुटून निघाले. सतरा वर्षे स्वयंसेवकांनी ते घासूनपुसून मे २०२० मध्ये १.० आवृत्ती दिली. ॲनिमेशनमध्ये सिनफिग हे सांध्याच्या घराण्याचे सॉफ्टवेअर. रॉबर्ट क्वाटलबॉम यांनी आपल्या स्टुडिओसाठी लिहिलेले आणि स्टुडिओ बंद झाल्यावर २००५ मध्ये सर्वांसाठी खुले केलेले. त्याचा पुढचा सांभाळ बराचसा सायबेरियातल्या गोर्नो-अल्ताइस्क या लहान शहरातून झाला. असे काम राजधानीतच व्हावे लागते असे नाही, हे जालनेकरांनी ध्यानात घ्यावे. चित्रामागून चित्राच्या घराण्यात पेन्सिल-टूडी हे अगदी साधे, तर ओपनटून्झ हे मोठ्या स्टुडिओचे साधन. मूळचे इटालियन टून्झ जपानच्या जिब्ली स्टुडिओने 'प्रिन्सेस मोनोनोके'पासून वापरले आणि मार्च २०१६ मध्ये ते खुले झाले.

मराठीत शिकण्याची सोयही आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने केंद्र सरकारच्या निधीतून 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प उभा राहिला. सुमारे दहा मिनिटांचा पाठ, शेजारी तोच प्रयोग आपण करत जायचे, अशी त्याची रीत. पडद्यावरचे सॉफ्टवेअर इंग्रजीत राहते आणि बोलणे भारतीय भाषांत केलेले असते, म्हणजे समज आपल्या भाषेत होते आणि नोकरीत लागणारे इंग्रजी शब्दही ओळखीचे होतात. इंकस्केपचे पाठ त्यात मराठीतून ऐकता येतात.

मग निवडावे काय?

माझे मत असे की, पहिले वर्ष इंकस्केपवर घालवावे. हालते चित्र करायचे असेल तर आधी आपले घराणे ओळखावे. ज्याचा हात चित्रकलेत बसलेला आहे, ज्याने एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या आहेत, त्याने पेन्सिल-टूडीत चेंडू उडवण्यापासून सुरुवात करावी आणि मग ओपनटून्झकडे जावे. ज्याला चित्र एकदा नीट रचून मग हलवायचे आहे, त्याने सिनफिग घ्यावे. मात्र जुन्या संगणकावर ते संथ चालते, तेवढा धीर हवा.

कोणतेही सॉफ्टवेअर घेतले तरी पहिल्या दिवशी दोन कसोट्या लावाव्यात. पहिली अक्षराची. युनिकोड फाँटमध्ये 'पऱ्हाटी', 'विठ्ठल', 'दुसऱ्या', 'राष्ट्र' असे शब्द टंकावेत. 'पऱ्हाटी'तला अर्धा र नीट वळला नाही, तर त्या साधनाला आपली भाषा कळत नाही. त्याच वेळी फाँटमधले 'ल' आणि 'श' तपासावेत. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण ठरवले, तरी अनेक फाँट हिंदी वळणेच दाखवतात. दुसरी कसोटी मालकीची. केलेले चित्र साठवून ते दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहावे. उघडले तर काम आपले. न उघडले तर ते त्या सॉफ्टवेअरच्या ताब्यात आहे.

खुल्या साधनांच्या मर्यादा लपवण्यात अर्थ नाही. इंकस्केप पडद्याच्या रंगांत विचार करते. ऑफसेट छपाईला लागणाऱ्या चार शायांची वाटणी त्याला मुळातून जमत आलेली नाही, त्यासाठी स्क्रायबससारख्या दुसऱ्या साधनाची मदत घ्यावी लागते. गावातल्या छापखान्याला कोरलची फाइलच हवी असते आणि नोकरीच्या जाहिरातीत कोरलचेच नाव असते. म्हणून दुसऱ्या वर्षी कोरल जरूर शिकावे. बिंदू, वळण, थर आणि चौकट यांची समज एकदा आली की, नवे सॉफ्टवेअर ही काही आठवड्यांच्या सवयीची बाब उरते. उलट फक्त बटणांच्या जागा पाठ केल्या असतील, तर पुढची आवृत्ती आली की पुन्हा क्लासची फी भरावी लागते. फ्लॅशच्या पिढीने ते अनुभवले आहे.

डीटीपी सेंटर चालवणाऱ्यांना एक विनंती. छापखान्याला फाइल द्यायची तर कर्व्ह करूनच द्या, त्यात तडजोड नको. पण त्याआधीची, अक्षरे जिवंत असलेली प्रत युनिकोडमध्ये आणि एसव्हीजीत वेगळी साठवा. नावात गाव आणि साल घाला. एका लग्नपत्रिकेची अशी फाइल डिस्कवर फोटोपेक्षाही कमी जागा घेते. सीडीवरच्या त्या स्मरणिकेतला मजकूर मी अजून अक्षर-अक्षर जुळवून काढतो आहे. नऊ पाने झाली, एकतीस राहिली.